डार्विन नसता तर मानसशास्त्र कुठे असतं?

अर्धवटराव:
माझं मत सरळ मांडतो, पटलं नाही तर हाणा. मानसशास्त्राचा जन्म म्हटलं की सगळे १८७९ आणि लाइपझिगमधली वुंटची प्रयोगशाळा सांगून मोकळे होतात. पण तिथे मुख्यतः शिकल्यासवरल्या प्रौढ माणसाला ठोका ऐकवायचा, दिवा दाखवायचा आणि त्याला काय जाणवलं ते टिपायचं असा कारभार. लहान मुलं, प्राणी, माणसामाणसातले फरक, हे सगळं आत आलं ते डार्विनच्या दारातून. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या शेवटी त्याने मानसशास्त्राला नवा पाया मिळेल असं लिहून ठेवलं आणि १८७२ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर आख्खं पुस्तक काढलं. त्याच्या मोठ्या मुलाच्या नोंदी वाचा कधीतरी. मूल सात दिवसांचं असताना ह्याने त्याच्या उघड्या तळपायाला कागदाचा तुकडा लावला, तर त्याने पाय झटकन मागे घेतला आणि बोटं मुडपली. त्या नोंदी १८७७ मध्ये छापल्या. न शिकवता काय येतं हा प्रश्न बाळासमोर बसून विचारलाय बघा. हा प्रश्न काढून टाकला तर मानसशास्त्रात उरतं काय?

शंकेखोर:
बरंच उरतं हो. जर्मनीत हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमाराला मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं, संवेदना कशी मोजायची यावरचं फेक्नरचं पुस्तक १८६० चं, आणि दोघांनाही त्यासाठी डार्विन लागला नाही. आणि उत्क्रांतीच पाहिजे असेल तर हर्बर्ट स्पेन्सरने १८५५ मध्येच उत्क्रांतीच्या चौकटीत मानसशास्त्र लिहिलं होतं, म्हणजे डार्विनच्या चार वर्षं आधी. सगळं श्रेय एकाच दाढीवाल्याच्या खात्यावर टाकायची काय घाई आहे?

अर्धवटराव:
मोजायचं कसं ते जर्मनांनी शिकवलं, त्यावर वाद नाही. पण मन कशासाठी आहे हा प्रश्न त्या मोजण्यात नव्हता. स्पेन्सरचा भर तरी कशावर, तर कमावलेल्या सवयी पुढच्या पिढीत उतरतात यावर, जे टिकलं नाही. विल्यम जेम्स १८९० मध्ये विचारतो की जाणीव एवढी टिकून राहिली तर तिचा काहीतरी उपयोग असणारच ना? मग ड्यूई, एंजेल आणि अख्खा कार्यवाद त्याच वाटेने गेला. मनाचे तुकडे पाडून यादी करणं मागे पडलं आणि मन काय काम करतं हे पुढे आलं.

उंदीरमामा:
प्राण्यांचा मुद्दा राहिला म्हणून घुसतो. डार्विनचा तरुण मित्र रोमानेस, त्याने १८८२ मध्ये प्राण्यांच्या हुशारीचे किस्से गोळा केले, त्यात लोकांनी कळवलेल्या गोष्टींचा भरणा. त्यावर लॉइड मॉर्गन म्हणाला थांबा. त्याचा टोनी नावाचा कुत्रा डोक्याने कडी उचलून फाटक उघडायचा, येणाजाणाऱ्याला वाटायचं काय अक्कल आहे! पण मॉर्गनने आधीपासून पाहिलं होतं, टोनी गजांमधून कुठेही डोकं घालायचा आणि एकदा ते नेमकं कडीखाली आलं. साध्या कारणाने भागत असेल तर उगाच मोठी बुद्धी चिकटवू नका, हा त्याचा १८९४ चा नियम. आणि १८९८ मध्ये थॉर्नडाइकने भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडलं, बाहेर खाणं ठेवलं, आणि सुटायला लागणारा वेळ हळूहळू कसा कमी होतो ते आलेखावर काढलं. अमेरिकेतलं शिकण्याचं शास्त्र बऱ्याच अंशी इथून निघालं. प्राणी आणि माणूस एकाच रांगेतले हे मान्य केल्याशिवाय मांजराकडे बघून शिकण्याचे नियम काढायचं कोणाला सुचलं असतं?

मीरा_लिहिते:
सगळे आरती ओवाळताय, म्हणून दुसरी बाजू. गाल्टन, डार्विनचा नात्यातला भाऊ. सहसंबंधाचं, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात त्याचं गणित, जुळ्यांचा अभ्यास, माणसांच्या क्षमता मोजायची हौस, हे त्याचं. आणि १८८३ मध्ये चांगल्या वंशाची पैदास वाढवायच्या विचाराला युजेनिक्स हे नाव दिलं तेही त्यानेच. बिनेने १९०५ मध्ये शाळेत मागे पडणाऱ्या पोरांना मदत मिळावी म्हणून चाचणी बनवली, ती अमेरिकेत गोडार्डने नेली आणि 'मंदबुद्धी' माणसं वेगळी काढायला वापरली. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला परवानगी दिली. प्रभाव मोजायचाय ना, मग हा पण त्याच वहीत लिहा.

अर्धवटराव:
ते गाल्टनचं पाप, डार्विनचं कसं?

मीरा_लिहिते:
१८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन' या पुस्तकात डार्विन गाल्टनचा दाखला कौतुकाने देतो. दुबळ्यांना वाऱ्यावर सोडणं माणुसकीला काळिमा फासेल असंही तिथेच लिहितो, ते वाचलंय मी. पण पुढच्यांनी पहिलं उचललं आणि दुसरं सोडलं. विचाराचा परिणाम बघताना लेखकाचा सज्जनपणा पुरत नाही.

खवचट:
आणि आजकालचं उत्क्रांती मानसशास्त्र? कुठलीही सवय दाखवा, हे लोक गुहेतली एक गोष्ट रचून देतात. गोल्ड आणि लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच बजावलं होतं की प्रत्येक गुणाला उपयोग शोधत बसू नका, काही गोष्टी नुसत्या सोबत येतात. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ३७ संस्कृतींचा अभ्यास काढला, बायका कमावत्या जोडीदाराला जास्त महत्त्व देतात म्हणून. इगली आणि वुडने १९९९ मध्ये त्याचाच डेटा परत तपासला तर जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे हा फरक कमी निघाला. आता बोला.

उंदीरमामा:
कमी झाला, नाहीसा नाही. आणि सगळेच काही गोष्टी सांगत नाहीत हो, हे वाचा. वर्तनवाद्यांचं, म्हणजे मन बाजूला ठेवून फक्त वागणूक तपासणाऱ्यांचं म्हणणं होतं की कुठलीही खूण कुठल्याही परिणामाला जोडता येते. गार्सियाने १९६६ मध्ये उंदरांना गोड पाणी दिलं, प्यायला लागले की दिवा लागायचा आणि टिकटिक व्हायची. काहींना नंतर आजारी पाडलं, काहींना शॉक दिला. आजारी पडलेल्यांनी गोड चव टाळली, दिवा-आवाजाचं काही वाटलं नाही. शॉकवाल्यांचं बरोबर उलटं. पोट बिघडलं तर दोष खाण्यावर जाणार ही जोडणी उंदराच्या अंगात आधीपासून तयारच. मोठ्या जर्नल्सनी त्याचं काम परत पाठवलं होतं, एवढं ते तेव्हाच्या समजुतीत बसत नव्हतं.

खवचट:
उंदराच्या पोटावरून माणसाच्या लग्नापर्यंत उडी मारताय, वा! नियम मोडलाय का हे बघायला कुठली कार्डं उलटायची, अशा कोड्यावरून कॉस्मिडेसने दाखवलं म्हणे की लबाडी पकडायला मेंदूत खास सोय आहे. पण चेंग आणि होलियोकने त्याआधीच, १९८५ मध्ये, परवानगीचे साधे नियम असले तरी लोकांची उत्तरं सुधारतात हे दाखवलं होतं. मग खास सोय लबाडीसाठी की नुसत्या नियमांसाठी?

उंदीरमामा:
कॉस्मिडेसने १९८९ च्या पेपरात नेमकं हेच वेगळं करायचा प्रयत्न केलाय, न वाचताच ओढताय तुम्ही.

खवचट:
वाचलाय. मांडणी बदलली की निकाल बदलतो, आणि तिथेच तुमची गाडी अडकते.