कोळशाविना सायंकाळी सात वाजताची वीज कोठून येणार?

माळरान (प्रश्न)

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आमच्या भागातील (सोलापूर जिल्हा) शेतीपंपांना आता दिवसा वीज मिळते, आणि रात्री-अपरात्री बांधावरून मोटर सुरू करायला जाण्याची वेळ येत नाही, याचे समाधानच आहे. माझी शंका पुढची आहे. सौर पॅनेल कितीही वाढवली, तरी सूर्य मावळतो त्याच सुमारास घरोघरी दिवे, पंखे आणि टीव्ही सुरू होतात. ही वेळ आज प्रामुख्याने कोळशावरचे संच आणि कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प सांभाळतात. उद्या चंद्रपूर, कोराडी, परळी येथील संच टप्प्याटप्प्याने बंद करायचे म्हटले, तर भारनियमन न करता ही वेळ कशी निभावायची? ‘बॅटऱ्या लावू’ एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. अडचणींसह कोणी सांगू शकेल का?

पन्नासहर्ट्झ

आधी कोयनेकडे पाहू. तिची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे; परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे वर्षभराची एकूण वीज जवळपास ठरलेली असते आणि आपल्या हाती उरते ती वेळेची निवड. दुपारी सौर वीज भरपूर असताना संच थांबवून तेच पाणी सायंकाळी टर्बाइनवर सोडणे नवे धरण न बांधता जमते, कारण जलविद्युत संच काही मिनिटांत भार घेतात आणि तितक्याच झटपट सोडतात. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी ३० हजार मेगावॉटहून अधिक घसरली. त्या वेळी वीजजाळ्याची वारंवारिता (मागणी-पुरवठ्याचा तोल बिघडला की ५० हर्ट्झपासून ढळणारी) आवाक्यात ठेवण्याचा मुख्य भार जलविद्युत केंद्रांनीच उचलला होता.

तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे असेल, तर उदंचन प्रकल्प लागतो. अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प त्याचे आपल्याकडचे उदाहरण. वरच्या जलाशयातील पाणी सुमारे चारशे मीटर खाली, शहापूर तालुक्याच्या बाजूला उतरते आणि मागणी कमी असताना पंपाने पुन्हा वर चढवले जाते. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी सोडले की ढोबळमानाने एक युनिट वीज हाती येते, आणि ते परत वर न्यायला साधारण सव्वा युनिट खर्च होते. म्हणजे या व्यवहारात पाव युनिटाची खोट धरूनच चालावे लागते, आणि दुपारची वीज स्वस्त असेल तरच तो परवडतो. मात्र पाणी फार लागत नाही. एक हजार मेगावॉट सलग सहा तास द्यायचे, तर ६० लाख युनिट, म्हणजेच ६० लाख घनमीटर पाणी. पाव टीएमसीहूनही कमी, आणि तेही दररोज तेच.

बॅटऱ्यांना मी कमी लेखत नाही. दोन-चार तासांचा साठा आणि क्षणार्धातला प्रतिसाद यांसाठी त्या उत्तम आहेत.

सह्यकडा

वरील गणित मान्य करूनही एक गोष्ट नोंदवतो. चारशे-पाचशे मीटरचा उतार मिळतो तो सह्याद्रीच्या कड्यावरच, आणि जंगलही तिथेच आहे. बोगद्यांतून निघालेला दगड-मुरूम कोठे टाकणार, हा प्रश्न कागदावर छोटा दिसला तरी दरीतील ओढ्यासाठी तो छोटा नसतो. २०२३ मध्ये टाटा पॉवरने भिवपुरी (१,००० मेगावॉट) आणि शिरवता (१,८०० मेगावॉट) येथील उदंचन प्रकल्पांसाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. त्या परिसरात जुने जलाशय आहेत. अशा ठिकाणांना आधी प्राधान्य द्यावे आणि अस्पर्श पठारे शेवटी विचारात घ्यावीत, असे माझे मत आहे.

कृष्णाकाठ

साठवणुकीवर सारी चर्चा झाली, पण मूळ प्रश्नातच अर्धे उत्तर दडलेले आहे. शेतीपंपांना आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची चक्राकार पद्धत होती, तीमागे कारण होते: औष्णिक संच रात्रीपुरते बंद करणे परवडत नाही, म्हणून त्या वेळेला गिऱ्हाईक हवे होते. उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा सवलत मिळायची, तीही त्याचसाठी. आता पंपांचा भार उन्हाच्या वेळेत आला, म्हणजे बॅटरी न घेताच तेवढी वीज साठवल्यासारखे झाले. पाणी दुपारी पिकाला पोहोचले की रात्री मोटरीला विजेची गरजच उरत नाही. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उन्हाच्या आठ तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी असला पाहिजे. शीतगृहे, पिठाच्या गिरण्या, पाणीपुरवठ्याचे पंप यांना या दराचा फायदा खरोखर पोहोचला, तर सायंकाळसाठी लागणारी साठवण बरीच कमी होईल.

माळरान

सर्वांचे आभार. मग पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसते, तेव्हा काय?

पन्नासहर्ट्झ

पावसाळा तितकासा अवघड नाही. जून ते सप्टेंबर या काळात साताऱ्यातील वनकुसवडे पठार, सांगली, धुळे येथील पवनचक्क्या जोरात असतात आणि शेतीपंपांची मागणीही ओसरते. मला अधिक काळजी ऑक्टोबरची वाटते: वारा पडलेला, उकाडा वाढलेला, पंप पुन्हा सुरू झालेले आणि दिवस लवकर मावळणारा. कोयनेचा जलाशय तेव्हा बहुधा भरलेला असतो, त्यामुळे पाणी सोडण्याचा मोह होतो. परंतु लवादाच्या कोट्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, आणि ऑक्टोबरमध्ये हात सैल सोडला तर एप्रिल-मेच्या सायंकाळी पाणी पुरत नाही. म्हणून पुरेशी साठवण उभी राहीपर्यंत काही औष्णिक संच मोडीत न काढता केवळ अशा आठवड्यांसाठी राखून ठेवावेत आणि वर्षातील बाकीचे महिने थंड ठेवावेत, असे मी म्हणेन. बंद पडलेला संच पूर्ण थंड अवस्थेतून पुन्हा चालू व्हायला बरेच तास लागतात. त्यामुळे हा निर्णय आदल्या दिवशीच्या हवामानाच्या अंदाजावर घ्यावा लागेल.