मदत हवी आहे: नेदरलँड्समध्ये दाखले परत केले, तातडीचं

शहापूर_पेठ
मंडळी, लवकर सांगा. बायको आणि मुलगी आइंडहोवनला पोचल्या. नगरपालिकेत नोंदणीला गेलो तर लग्नाचा दाखला आणि मुलीचा बेळगावचा जन्मदाखला दोन्ही परत. अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून सरकार लावतं तो शिक्का, आणा म्हणे. घरच्यांनी बेंगळूरच्या एजंटाकडे दिले, त्यानं एक करून दिला, दुसरा होत नाही म्हणतोय. आता मी गावी यायचं का? शाळा, विमा सगळं अडलंय.

निपाणीकर
कुठला होत नाही? दाखला दिला कुणी, कुठल्या भाषेत आहे?

शहापूर_पेठ
लग्नाचा. ग्रामपंचायतीचा, मराठीत. लॅमिनेशन केलेला आहे, खराब झालेला नाही. भाषेनं काय फरक पडतो?

तंबाखू_वखार
भारताचं अपॉस्टिल युरोपात चालतच नाही. वकिलातीत जा.

टिळकवाडी_दुसरं_गेट
तंबाखू_वखार, ते जर्मनीचं. जर्मनीनं भारताच्या अपॉस्टिलवर हरकत घेतलेली आहे. नेदरलँड्सला चालतं. उगाच फिरवू नका माणसाला.

निपाणीकर
ग्रामपंचायत कुठली ओ?

शहापूर_पेठ
चंदगड तालुक्यातली. सासरवाडी तिकडची.

निपाणीकर
मग हे आधी सांगायचं की! ज्या राज्यानं दाखला दिला त्याच राज्याच्या सरकारनं तो आधी साक्षांकित करायचा असतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. मुलगी बेळगावात जन्मली, तिचा दाखला बेंगळूरहून झाला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे लग्नाचं काम मुंबईला मंत्रालयातून. बेंगळूरचा एजंट तरी काय करणार?

लॅमिनेटवाला विसरा, त्यावर शिक्का मारत नाहीत. सासऱ्यांना ग्रामपंचायतीतून नवी प्रत काढायला सांगा: ग्रामसेवकाची शाईची सही आणि गोल शिक्का पाहिजे. तुम्ही यायची गरज नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सीमार्फतच घेतं, म्हणून मूळ प्रत आणि पासपोर्टच्या झेरॉक्स घरचं कुणीही देऊ शकतं.

अनगोळ_नाका
एवढं कशाला? झेरॉक्स नोटरी करून त्यावर अपॉस्टिल घ्या, लवकर होतं.

टिळकवाडी_दुसरं_गेट
लवकर होतं आणि परत येतं. तसलं अपॉस्टिल नोटरीच्या सहीचं असतं, दाखल्याचं नाही. काउंटरवरची बाई पहिल्यांदा तेच बघते.

आणि भाषेनं फरक पडतो. इंग्रजी, डच, जर्मन, फ्रेंच चालतं. मराठी, कन्नड नाही. मुलीचा दाखला कर्नाटकच्या ई-जन्म या ऑनलाइन नोंदणीचा असेल तर कन्नड-इंग्रजी दोन्ही असतं, प्रश्न नाही. मराठी दाखल्याला आधी अपॉस्टिल, मग भाषांतर. भाषांतर नेदरलँड्समधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून घ्या. भारतात केलंत तर त्या भाषांतराचंही अपॉस्टिल मागतात.

मांडे_खाऊ
घरून कुणी येणार असेल तर सांगून ठेवा, खव्याचा कुंदा आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ बॅगेतून आणायला बंदी आहे. कढीपत्त्यालाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आणि इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटेल असा स्टीलचा पाहिजे. मिक्सर चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त प्लगची पिन बदला.

तंबाखू_वखार
कुंदा मिठाईत धरतात.

मांडे_खाऊ
खव्याला मिठाई म्हणून कस्टमवाला ऐकणार होय?

अनगोळ_नाका
एक बघा, पासपोर्टवर बेळगावचं जुनं स्पेलिंग आणि दाखल्यावर बेळगावी असेल तर विचारतात. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं एवढं सांगायचं. तसं आपलं गाव बेळगावच, कुणी काय बी लिहू दे.

निपाणीकर
त्याचा धागा वेगळा आहे.

टिळकवाडी_दुसरं_गेट
विम्याचं: हे दाखले विम्याला लागत नाहीत, नगरपालिकेतल्या नोंदणीवर मिळतो तो बीएसएन नंबर लागतो. दाखला नाही म्हणून नंबरच अडवला असेल तर परत जाऊन विचारा; नोंदणी करून लग्नाची नोंद नंतर घालता येते का, असं. विमा चार महिन्यांच्या आत काढायचा, पैसे पहिल्या दिवसापासूनचे लागतात. मुलीला हप्ता नाही, पण तिचं नावही त्याच मुदतीत घाला. शाळा पाच वर्षांनी सक्तीची, चारला घेतात. मुलगी केवढी आहे?

शहापूर_पेठ
साडेचार. नंबर दिलाय की तिघांना, पत्र आलंय. त्यानं विमा निघतो होय? मुंबईला सासऱ्यांनी स्वतः जावं लागतं की कुरिअर चालतं?

निपाणीकर
नंबर आलाय तर अडलंय काय ओ! विमा आजच काढा. मुंबईचं एजन्सीवाले करतात, मूळ कागद त्यांच्याकडे पोचला की झालं. देताना पोच घ्यायला सांगा सासऱ्यांना.