मदत हवी आहे: फाइल सगळ्यांची एकच, तरी टीममध्ये प्रत्येकाच्या डोक्यातलं यंत्र वेगळं

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकमध्ये द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरमागे लावायची फवारणी यंत्रं डिझाइन करतो. टीम लहान आणि विखुरलेली. ड्रॉइंग अंबडच्या ऑफिसात होतात, टाकी आणि फ्रेमचं फॅब्रिकेशन सिन्नरच्या वर्कशॉपमध्ये, कंट्रोल बॉक्सचं काम पाहणारी सहकारी पुण्यात, आणि डिस्प्लेचे स्क्रीन करणारा मुलगा गंगापूर रोडला घरून काम करतो. या सगळ्यांची मोट बांधणं हे माझं काम.

साधनांची वानवा नाही. स्क्रीन फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं ऑनलाइन साधन), पार्ट लिस्ट गुगल शीटमध्ये, ड्रॉइंगच्या पीडीएफ ड्राइव्हवर, चर्चेचा ऑनलाइन बोर्ड मिरोवर, आणि उरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर. तरीही नवीन मॉडेलच्या वेळी जे झालं ते सविस्तर सांगते, म्हणजे अडचण कळेल.

डिस्प्लेवर एक गोल मीटर आहे, त्याखाली लिहिलंय ‘प्रेशर’. फिग्मात त्यावर कमेंट झाली, चौघांनी अंगठा दिला, विषय मिटला. पुण्याच्या सहकारीने सेन्सर पंपाच्या तोंडाशी धरला, कारण तिथे वायरिंग सोपं. अंबडच्या डिझायनरच्या मनात हा आकडा नोझलच्या लाइनवरचा होता, कारण फवारा तिथे तयार होतो. स्क्रीनवाल्याने विचारलं नाही, त्याला आकडा कुठूनही आला तरी चालणार होता. दिंडोरीच्या एका बागेत चाचणी घेतली तेव्हा मीटर २० बार दाखवत होता आणि पानांवर थेंब मात्र जाड पडत होते. मधल्या फिल्टर, व्हॉल्व्ह आणि लांब होजमधून जाताना नोझलपाशी १५ च्या आसपासच उरत होतं. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे औषध साधारण १३ टक्के कमी जाणार. ऐन केवड्याच्या (द्राक्षवेलीवरच्या रोगाच्या) दिवसांत शेतकऱ्याने मीटरवर भरवसा ठेवला असता तर? मला ही गोष्ट फार लागली.

त्यानंतर रोज सकाळी कॉल सुरू केला, मिनिट्स लिहायला लागलो. कॉलवर सगळे ‘हो, क्लिअर’ म्हणतात. मिनिट्स कोणी उघडत नाही. वर्कशॉपचे काका तर कॉलवर बोलतच नाहीत, आणि टाकीचा तळ, उतार, वेल्डिंगची जागा याबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं.

मला नवीन ॲप नकोय. आहेत त्याच साधनांत, प्रत्येकाला काय समजलंय हे मशीनसाठी पत्रा कापायच्या आधी कसं कळेल? आणि निर्णय कशासाठी घेतला ते कुठे लिहायचं, की लोक ते खरंच वाचतील? गोडी छाटणी (द्राक्षाची फळांसाठीची छाटणी) सुरू व्हायच्या आत मशीन बाहेर काढायचंय. ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया लिहा.

सह्यकडा:
तुमच्या चौघांनी सहमती दिली, समजल्याचा पुरावा कुणीच दिला नाही. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हेच मांडलं होतं: बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ‘आत्ताच्या कामापुरतं कळलंय’ याची खात्री पटावी लागते, आणि ती पटवायला किती कष्ट पडतात हे माध्यमावर ठरतं. समोरासमोर बसलात तर चेहऱ्यावरचा गोंधळ दिसतो, बोट ठेवून ‘इथे?’ असं विचारता येतं. व्हॉट्सॲपवर जुनं परत वाचता येतं, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. अंगठा हा त्यातला सगळ्यात कमजोर पुरावा.

म्हणून अंगठा बंद करा. ज्याच्या कामावर परिणाम होणार आहे त्याने आपल्या शब्दांत एक वाक्य लिहायचं: ‘मी सेन्सर पंपाच्या आउटलेटला, फिल्टरच्या आधी बसवतेय.’ हे वाक्य त्या कमेंटखाली आलं असतं तर अंबडवाल्याने तिथेच हात वर केला असता. सगळ्या निर्णयांना हे नको, लोक वैतागतील. जिथे एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला जोडलं जातं, तेवढ्याच ठिकाणी करा.

पार्ट नंबर:
ताई, मी सातपूरला वर्कशॉप चालवतो, तेव्हा काकांच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे फिग्मा कोणी उघडत नाही. हाताला तेल असतं, मोबाईल खिशात असतो, आणि काम प्रिंटवर चालतं. त्यात कॉलवर चार इंजिनिअर बोलत असताना मधे तोंड घालणं आमच्या लोकांना जमत नाही.

पाण्याच्या लाइनचं साधं रेघांचं चित्र काढा: टाकी, पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह, होज, नोझल. जिथे जिथे काही मोजायचंय तिथे नंबर द्या. पंपापाशी पी-१, नोझल लाइनवर पी-२. मग तोच नंबर फिग्मातल्या मीटरवर, शीटच्या ओळीत, ड्रॉइंगवर आणि पाइपवर पंच करून पत्र्याच्या टॅगवर. नुसतं ‘प्रेशर’ कुठेही लिहायचं नाही. आमच्या इथे पोरं बारऐवजी ‘किलो’ म्हणतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो. आकडा जवळजवळ तोच असतो, तरी चित्रावर युनिट लिहाच.

सह्यकडा:
वरचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रीसेमर या अभ्यासकांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्राणिशास्त्र म्युझियमचा, म्हणजे जतन केलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा, अभ्यास मांडला. तिथे शास्त्रज्ञ, हौशी संग्राहक आणि सापळे लावणारे असे सगळे एकाच कामात होते. प्रत्येकाचा हेतू निराळा, तरी ठरावीक फॉर्म आणि नकाशे यांच्यावर काम जुळत गेलं. तुमचं रेघांचं चित्र तसंच काम करेल. काकांना त्यात पाइप दिसेल, पुण्याला सिग्नल, स्क्रीनवाल्याला आकडा.

निफाडकर:
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरची बागही आहे. संगणक क्षेत्रातला संशोधक जोनाथन ग्रुडिन याने १९८८ मध्ये, गटाने मिळून काम करायची सॉफ्टवेअर साधनं का फसतात यावर लिहिलं होतं. त्यातलं एक कारण म्हणजे माहिती भरण्याचं ओझं एकावर आणि फायदा दुसऱ्याला. तुमच्या मिनिट्सचं तेच झालंय. लिहिणाऱ्याला त्रास, वाचणाऱ्याला त्यात आपलं काही सापडत नाही. काकांना बोर्डवर टाइप करायला सांगू नका. त्यांनी पाइपवर खडूने खूण करून फोटो आणि व्हॉइस नोट पाठवायची, बोर्डवर चढवायचं काम ऑफिसने करायचं. आणि निर्णयाचं कारण मिनिट्समध्ये न ठेवता त्या नंबरपाशीच ठेवा: ‘पी-२ इथे, कारण थेंबाचा आकार नोझलच्या दाबावर ठरतो.’ एक ओळ पुरे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी अंबडला पांढऱ्या बोर्डवर लाइनचं चित्र काढलं, त्याचा प्रिंट सिन्नरला पाठवला. काकांचा व्हॉइस नोट लगेच आला: पी-२ आम्ही दाखवलाय तिथे होज वळतो, वळणाला ट्रॅक्टरच्या लिंकचा मार बसून सेन्सर तुटेल, तो एक वीत वर घ्या. ही गोष्ट कुठल्याच कॉलवर आली नव्हती. पुण्याहूनही खाली वाक्य आलं की पी-१ ठेवूया, पण तो फक्त फिल्टर तुंबलाय का हे ओळखायला. दोन्हींतला फरक वाढला की डिस्प्ले सूचना देईल. मीटरवर पी-२ दिसेल.

आता एकच शंका उरली आहे. चित्राची रिव्हिजन बदलली की वर्कशॉपमधला जुना प्रिंट बाद कसा करायचा?

पार्ट नंबर:
नवीन प्रिंट द्यायला जाणाऱ्याने जुना हातात घेतल्याशिवाय नवीन द्यायचा नाही. कोपऱ्यात रिव्हिजन नंबर मोठा छापा आणि दर रिव्हिजनला कागदाचा रंग बदला, लांबूनही ओळखू येतो.