मदत हवी आहे : इंग्रजी समानार्थी शब्द पाठ आहेत, पण वाक्यात चुकतात

नमस्कार मंडळी,

मी नर्स आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय. तिथल्या नर्स-नोंदणीसाठी रायटिंगमध्ये नऊपैकी साडेसहा आणि ऐकणं, वाचणं, बोलणं या बाकी तिन्हींत सात लागतात. बाकीचं जमतं, रायटिंग मात्र दोनदा सहावर अडकलं.

दुसऱ्या परीक्षेआधी एका क्लासने दिलेली समानार्थी शब्दांची यादी पाठ केली होती, सहाशेच्या आसपास शब्द. रात्रपाळीहून परतताना बसमध्ये रोज तीच वही. साधा शब्द दिसला की काढायचा आणि भारी शब्द घालायचा, असं क्लासमध्ये सांगायचे. मी मनापासून तसंच केलं.

नंतर ओळखीच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापिकांना चार निबंध दाखवले. लाल खूण झालेला जवळजवळ प्रत्येक शब्द यादीतला निघाला. कांद्याचे भाव वाढले, तिथे मी ‘राइज’ खोडून ‘असेंड’ लिहिलं होतं. ‘हेवी रेन’चं ‘पॉवरफुल रेन’ केलं होतं. आणि आजोबा दानधर्मासाठी प्रसिद्ध होते, तिथे ‘फेमस’ऐवजी ‘नोटोरियस’. त्याचा अर्थ कुख्यात, हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

मॅडमनी विचारलं, “वारले, मेला, खपला, निधन झालं, यातलं कुठलंही कुणाहीबद्दल म्हणशील का?” तेव्हा लख्ख कळलं. वॉर्डात नातेवाइकांना सांगताना माझ्या तोंडून आपोआप ‘गेले’ येतं. ते कुणी शिकवलं नाही, कानावर पडत आलं. त्यांनी आणखी एक सांगितलं : 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा झाली, विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून एकाच अर्थाला ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’ असे तीन थर. ‘आस्क’ घरातला, ‘इंटरॉगेट’ पोलीस चौकशीतला. आपल्या पाणी आणि जलसारखंच. पाहुणा कधी ‘जरा जल द्या’ म्हणत नाही.

तेव्हापासून यादी बाजूला ठेवली आहे. एक शब्द घेते, ऑक्सफर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीतली उदाहरणं वहीत उतरवते आणि त्याच्या शेजारचे शब्द अधोरेखित करते. ‘अलीव्हिएट’ आणि ‘मिटिगेट’ दोन्हींचा अर्थ कमी करणं असाच, पण ‘अलीव्हिएट’शेजारी पेन, सफरिंग, पॉव्हर्टी येतात, ‘मिटिगेट’शेजारी रिस्क, इफेक्ट्स, डॅमेज. मग वॉर्डातलं स्वतःचं एक वाक्य. इंजेक्शनने रुग्णाचं दुखणं हलकं झालं, यावर केलेलं ‘अलीव्हिएट’चं वाक्य मी आता विसरणार नाही. पण या गतीने दिवसाला तीनच शब्द होतात आणि परीक्षा दोन महिन्यांवर आहे.

माझी खरी अडचण स्वतः केलेल्या वाक्याची आहे. ते बरोबर आहे का, हे कसं तपासायचं? मॅडमना रोज त्रास देता येत नाही. ‘स्टिंजी’ म्हणजे चिक्कू आणि ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी, इतकं समजलं. पण ‘थ्रिफ्टी’ आणि ‘फ्रुगल’ यांत कुठला कुठे शोभतो, हे दोन्हींची उदाहरणं वाचूनही पक्कं होत नाही. कोका नावाचा अमेरिकन इंग्रजीचा मोठा वाक्यसंग्रह ऑनलाइन आहे, तिथेही बघितलं. शेकडो ओळी समोर येतात आणि नेमकं काय पाहायचं तेच कळत नाही. तुम्ही तो वापरत असाल तर शब्द टाकल्यावर पहिल्यांदा कुठे नजर टाकता, हे एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

दुसरं, या सहाशेंतले कुठले शब्द सरळ सोडून देऊ? निबंध बहुतेक शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, शहरं अशा विषयांवर येतात, त्यामुळे तेवढेच ठेवावेत असं वाटतं. पण ही निवड कोणी केली असेल तर अनुभव वाचायला आवडेल.

आणि एकाच निबंधात ‘इंक्रीज’ तीनदा आला तर चालतो का? मॅडम म्हणतात, चुकीच्या शब्दापेक्षा तो परत आलेला बरा. क्लासमध्ये याच्या अगदी उलट सांगितलं होतं. परीक्षा देऊन सात किंवा जास्त मिळवलेल्यांनी आपण काय केलं ते जरूर लिहा. मराठी माध्यमातून आलेल्यांचे प्रतिसाद तर हवेच आहेत.

आगाऊ धन्यवाद.