मदत हवी आहे : मातीच्या बांधाखालून गढूळ पाणी येतंय, तळं उतरवावं का?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिंडोरी तालुक्यात आमचा मळा आहे, द्राक्षं आणि थोडे टोमॅटो. मळ्यातून ओहोळ जातो, त्यावर 1972च्या दुष्काळानंतर आजोबांनी मातीचा बांध घातला. मधोमध साधारण 5 मीटर उंच, लांबी 60 मीटर. भरला की पाऊण एकर पाणी पसरतं, सरासरी 2 मीटर खोली धरली तर 60 लाख लिटर होतं. खालच्या दोन विहिरी ह्याच पाझरावर आहेत, एप्रिल छाटणीला बाग त्यांच्यावरच निघते, गुरं तिथेच पितात, आणि ह्या जुलैत कटला-रोहूचं बीज पण सोडलंय.

चार वर्षांपूर्वी बांध मधे फोडून सहा इंची पाईप टाकला, व्हॉल्व्ह खालच्या बाजूला. ज्याला काम दिलं त्याने दोन दिवसांत माती ढकलून खड्डा बुजवला, थर देऊन पाणी मारून दाबली का नाही ते आम्ही बघितलंच नाही, सगळे छाटणीत अडकलो होतो.

आता त्या पाईपाच्या तोंडापासून दोनेक हातावर खाटेएवढी जागा ओली झालीये. लव्हाळा उगवलाय, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो. रविवारी तिथे पाणी बुडबुडत वर येताना दिसलं आणि भोवती बारीक मातीचं कडं, मुंग्यांच्या वारुळासारखं. चारी काढून पाणी बादलीत घेतलं तर 10 लिटरची बादली 40 सेकंदात भरली. आज बुधवारी 28 सेकंदात. स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला बोटाला लागेल एवढा मऊ गाळ.

आप्पा म्हणतात मातीचा बांध म्हटलं की पाझरणारच, आपलं गंगापूर धरण पण मातीचंच आहे ना, काळी माती टाकून वरून दाबून टाक. भाऊ म्हणतो पाणी सोडायचं नाही. मला झोप लागत नाही कारण बांधाच्या खाली ओहोळाच्या काठाला मजुरांच्या चार झोपड्या आहेत, पेठ-सुरगाण्याकडची माणसं, त्यात सहा लेकरं. पाऊस अजून महिनाभर आहे. काय करू? आणि माती टाकून दाबलं तर खरंच थांबेल का?

ओहोळकाठ :
दादा तुमच्या सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाजूने निघून जायच्या वाटेचं, काय? आमच्याकडे सांडव्यात झुडपं वाढली होती, वर पाणी जास्त साठावं म्हणून कुणीतरी मातीच्या गोण्या पण रचल्या होत्या. एका रात्रीच्या पावसात पाणी बांधावरून गेलं आणि सकाळी मधला भाग नव्हता. मातीवरून पाणी चढलं की ती टिकत नाही. आधी सांडवा मोकळा करा.

जुना पाटबंधारेवाला :
मी खात्यात शाखा अभियंता होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आजच्या आज झोपड्या हलवा, बाकी सगळं नंतर. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019ला रात्री फुटलं, लोक घरात होते. तुमचं तळं त्याच्यापुढे लहान आहे पण झोपड्यांना 60 लाख लिटर पुष्कळ झालं.

पाझर स्वच्छ असेल आणि वाढत नसेल तर लक्ष ठेवून चालतं. तुमचा गढूळ आहे, म्हणजे पाणी बांधाच्या आतली माती घेऊन येतंय आणि आत पोकळी मागे मागे सरकत चाललीये. बहुतेक पाईपाच्या बाहेरून, न दाबलेल्या मातीतून. आप्पांना सांगा, वरून काळी माती अजिबात टाकायची नाही. पाणी अडलं की आत दाब वाढतो आणि शेजारून दुसरीकडे फुटतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. म्हणून ओल्या जागेवर आणि भोवती आधी जाड वाळू वीतभर, त्यावर खडी, त्यावर दगड. तिथे खणू नका. गंगापूरसारख्या धरणात हीच वाळूची गाळणी बांधतानाच आत घातलेली असते, तुलना तिथेच संपते.

व्हॉल्व्ह खाली आहे म्हणजे बांधाच्या पोटातला पाईप कायम दाबाखाली. जोड गळत असेल तर तोही माती भिजवतोय, त्याला हात लावू नका. पाणी बांधावरून सायफनने काढा, म्हणजे पाण्याने भरलेली नळी बांधावरून पलीकडे खाली सोडून. 5 मीटरला सायफन चालतो. दिवसाला फूटभर उतरवा, म्हणजे तुमच्याकडे 9 लाख लिटर, वरून येणारं वेगळं. एकदम उतरवलं तर आतला ओला उतार घसरतो. पण झरा अचानक वाढला तर हा हिशोब सोडा, माणसांना लांब काढा आणि तहसीलला कळवा. जेसीबीने बांध फोडायला जाऊ नका.

2021चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे, तुमच्या बांधाची तपासणी करायला कुणी येणार नाही. बघायचं तुम्हालाच.

ओहोळकाठ :
बांधावर झाडं आहेत का दादा? आमच्या बाभळीचं मूळ वाळून आत बोगदा झाला होता. खेकड्यांची, घुशींची बिळं पण बघा.

मूळ प्रश्नकर्ता :
एक निंब आहे, आजोबांनीच लावलेला. काढायचा म्हणजे जिवावर येतं.

जुना पाटबंधारेवाला :
आत्ता काढूही नका, तळं भरलेलं असताना मूळ उपटलं तर भगदाड पडेल. उन्हाळ्यात तळं रिकामं झालं की मुळासकट काढून वीतभराच्या थरांनी माती दाबून भरा. तेव्हाच पाईपही उकरून नीट बसवा. मग बांधावर फक्त गवत.

मूळ प्रश्नकर्ता :
शुक्रवार संध्याकाळ. बुधवारी रात्रीच चारही घरं आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये आणली, लेकरं क्रेटवर झोपली. आप्पांनी स्वतः वाळूच्या पाट्या उचलल्या. दोन सायफन चालू आहेत, पाणी पावणेदोन फूट उतरलंय, सांडवा साफ केला. बादली आता 37 सेकंदाला भरते. ग्लासात तळाला अजून पुसटसा गाळ दिसतो. भाऊ विचारतोय इथेच थांबायचं का, विहिरींसाठी तरी पाणी राहू दे म्हणतो. काका, ग्लास पूर्ण स्वच्छ होईपर्यंत उतरवत राहू ना? आणि उन्हाळ्यात बांधाची माती नाशिकच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) तपासून घ्यायची असेल तर नमुना कुठून कुठून काढायचा?