बडोद्यातले जुने वाडे, बाजार: फोटो कुठून सुरू करू?

प्रश्न: मंडळी, दांडिया बाजारात एकेक वाडा पाडून कॉम्प्लेक्स उभं राहतंय, बघून जीव तुटतो, म्हणून राहिलंय तेवढं तरी मोबाईलवर टिपायचंय. सुरुवात कुठून करू? आणि वायरींची जाळी कशी टाळायची?

उत्तर: तांबेकर वाड्यापासूनच करा! आत भिंतीभर चित्रं आहेत, महाभारत, कृष्णलीला, चक्क इंग्रज-मराठा लढाईसुद्धा. फ्लॅश अजिबात नको हं, रंग एकोणिसाव्या शतकातले आहेत, कोपर अंगाला घट्ट धरून आहे त्या उजेडात काढा.

उत्तर: लहरीपुरा दरवाजा जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीच्या पश्चिमेला, त्यामुळे बाहेरच्या अंगाला संध्याकाळचं ऊन मस्त पडतं. वायरी राहू द्या हो, आजचं बडोदं तसंच आहे. खंडेराव मार्केटला मात्र सकाळी लवकर, तिथलं पालिकेचं ऑफिस उघडायच्या आत, नाहीतर समोर नुसत्या गाड्या, आणि मागे फुलवाले झेंडूचे ढीग लावून बसलेले असतात, त्यांना विचारून काढा, बहुतेक हो म्हणतात.

उत्तर: दुकानांच्या जुन्या पाट्या विसरू नका, त्या सगळ्यात आधी जातात. प्रत्येक फोटोला गल्लीचं नाव टाकाच. पुढे चांपानेर-पावागढ करा, 2004 पासून जागतिक वारसा, 50 किमीच्या आसपास. पावसाळ्यात निघालात तर सांगा, मीपण येते.