नवीन रायफल घेऊ का नको? रिव्ह्यू वाचून डोकं फिरलंय, लवकर सांगा

भोवरा: मुलीसाठी नवीन रायफल घ्यायचीय, डीलर शनिवारपर्यंतच भाव धरून ठेवणार म्हणतोय, पाच लाखाच्या वर जातीये. काल रात्री दोनपर्यंत रिव्ह्यू बघत बसलो, एक म्हणतो असं डिझाईन आजवर झालं नाही, दुसरा म्हणतो जुन्याच मालाला नवा साज चढवून भाव वाढवलाय. बायको म्हणते एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती. घेऊ का नको एवढंच सांगा.

अण्णा_पाटण: रानडुकरांसाठी असेल तर अजिबात नको. पाच लाखात झटका मशीनसकट सगळं कुंपण होतं, मी केलंय.

रेंजवाला: कुठली रायफल? १० मीटर का ५०? मुलगी केवढी, स्कोअर किती? काही न सांगता घेऊ का नको काय विचारता.

भोवरा: अहो १० मीटरच, नेमबाजीची एअर रायफल, अजून काय असणार. वॉल्थर एलजी ५००, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाली. सब-ज्युनिअर खेळते, ६१२ च्या आसपास मारते.

वकीलसाहेब: नळी ४.५ मिमी आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही, काळजी नसावी.

भोवरा: लायसन्सचं विचारलंच नाही हो.

रेंजवाला: मग ऐका. ६५४ पैकी ६१२ ला रायफल अडवत नसते, उभं राहायची पोझिशन अडवते. चांगली जुनी मॅच रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून मारली तर पेलेटवर पेलेट, म्हणजे छर्रे, एकाच भोकात जातात, तुमची नवीन याहून वेगळं काय करणार? टार्गेटवरचा टेनचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तो धरणारा हात पाच लाखात मिळत नाही. आमच्याकडची पोरं क्लबची जुनी घेऊन स्टेट खेळून आली. त्यात हिला बॅटरी, मॅचच्या दिवशी संपली तर बसा बोंबलत.

ट्रिगरसिंग: बॅटरीचं रडगाणं बास झालं आता, मोबाईल रोज चार्ज करताच ना? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर एकदा वापरून बघा, इतका अलगद की शॉट कधी सुटला कळत नाही. रिव्ह्यूवाल्यांचा राग किमतीवर आहे, डिझाईनवर नाही, दोन्हीची भेसळ करू नका.

रेंजवाला: बिंद्रानं स्वतः सांगितलंय, २००८ ला बीजिंगच्या फायनलआधी त्याच्या रायफलची साइट (नेम धरायची दुर्बीण नव्हे, चकती) कुणीतरी हलवलेली होती, तरी गोल्ड आणलं. मशीन मशीन करणाऱ्यांनी जरा वाचावं.

ट्रिगरसिंग: म्हणजे बिघडलेली रायफल घ्यायची का 😀

रंकाळा: आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं, त्याच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढलं होतं. कोल्हापूरच्या पाण्यातच आहे ते.

गोदाकाठ: घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि पाणी कोल्हापूरचं होय.

ट्रिगरसिंग: आणि तो ५० मीटर, इथं काय संबंध.

सावकाश_काकू: भोवरा, माझा मुलगा चार वर्षं खेळतोय म्हणून विचारते. मुलीचं वजन किती? नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते पण पंधरा वर्षांच्या पोरीनं साठ शॉट तेवढं धरायचं म्हणजे कंबर जाते, आम्ही पुढची सगळी वेट काढून ठेवली होती. बटप्लेट, चीकपीस (खांद्याला नि गालाला टेकतात ते भाग) तिला रायफल हातात देऊन सेट करून बघितलंय का? आणि हात कुठला?

भोवरा: ४१ किलो. रायफल अजून बघितलीच नाही, ऑर्डर केल्यावर येणार. डावखुरी आहे, त्याचा काय संबंध?

सावकाश_काकू: अहो डावखुरी हे पहिल्या ओळीत लिहायचं! ग्रिप डावी-उजवी वेगळी येते, साइझपण वेगळे.

रेंजवाला: कमाल आहे राव. डिझाईनवर इतकं भांडलो आम्ही.

भोवरा: आत्ता डीलरला फोन केला, मीडियम उजवी बुक केलीय म्हणाला. २५ हजार ॲडव्हान्स देऊन बसलोय. बदलून देतात का, की पैसे गेले? कोणाला अनुभव आहे का?

अण्णा_पाटण: पावती आहे का?

भोवरा: गूगल पे केलंय.